जुनी पिकअप आणि दाट तेलाचा मोह

पिकअप जुनी झाली, की तिच्या मालकाला फुकटचे सल्ले मिळू लागतात. त्यात इंजिन ऑइलविषयीचा सल्ला हमखास ठरलेला असतो : ‘गाडी जुनी झाली, आता दाट तेल टाका.’ गॅरेजमधला मिस्त्री हे सांगतो, दुकानदार सांगतो आणि शेजारी उभा असलेला दुसरा टेम्पोवालाही मान डोलावतो. या सल्ल्यामागचा तर्क वरकरणी बिनतोड वाटतो. इंजिन झिजले, भागांमधल्या फटी वाढल्या, पातळ तेल त्या फटींतून निसटू लागले. तेव्हा तेल दाट हवे. या तर्कात अर्धे सत्य आहे. उरलेल्या अर्ध्यापायी मात्र अनेक चांगली इंजिने वेळेआधीच खोलावी लागतात.

शहराच्या रोजच्या जगण्यात या गाड्यांचा वाटा मोठा आहे. टाटा २०७, महिंद्राची बोलेरो पिकअप आणि २००५ साली बाजारात आलेली, ‘छोटा हत्ती’ या नावाने घरोघरी ओळखली जाणारी टाटा एस अशा गाड्यांतूनच भाजी, दूध, फर्निचर आणि बांधकामाचे सामान दारापर्यंत येते. यातल्या बऱ्याच गाड्यांचा मालक आणि चालक एकच असतो. तेल बदलण्याचा खर्च काही हजारांत भागतो. इंजिन बांधायचे झाले, तर तोच खर्च दहा हजारांच्या पटीत जातो. शिवाय गाडी उभी राहील तितके दिवस भाडे बुडते, आणि तेवढ्यात नेहमीचे गिऱ्हाईकही दुसरीकडे वळते. त्यामुळे ‘तेल कोणते?’ हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही.

तेलाची कामे

इंजिन ऑइलचे पहिले काम वंगणाचे. क्रँकशाफ्ट आणि तिचे बेअरिंग यांच्यामध्ये मिलिमीटरच्या काही शतांश भागाइतकीच फट असते. शाफ्ट वेगाने फिरू लागली, की तेल या फटीत ओढले जाते आणि शाफ्ट अक्षरशः तेलाच्या पापुद्र्यावर तरंगते. धातूला धातू लागत नाही, म्हणूनच इंजिन लाखो किलोमीटर चालू शकते. पण तेलाची कामे एवढ्यावर संपत नाहीत. पिस्टनच्या खालच्या बाजूची उष्णता तेल वाहून नेते. रिंगा आणि लायनर यांच्यामधली बारीक फट ते सांधते. इंधन जळताना तयार होणारी आम्ले ते निष्प्रभ करते. डिझेल इंजिनात सतत तयार होणारी काजळी एकत्र गोळा होऊ न देता ती अंगावर घेऊन फिरते. तेल केवळ दाट असून ही सारी कामे होत नाहीत. त्यासाठी ते वाहावे लागते, वेळेवर पोहोचावे लागते आणि त्यात योग्य रसायने असावी लागतात.

म्हणून तेल निवडताना दोन वेगळ्या गोष्टी पाहाव्या लागतात. पहिली दाटपणा, दुसरी दर्जा. बाजारातला बहुतेक गोंधळ या दोहोंची सरमिसळ झाल्यामुळे होतो.

डब्यावरचे आकडे काय सांगतात?

तेलाच्या दाटपणाला शास्त्रीय भाषेत विष्यंदिता म्हणतात. तिचे वर्गीकरण अमेरिकेतील ‘सोसायटी ऑफ ऑटोमोटिव्ह इंजिनिअर्स’ अर्थात एसएई या संस्थेने १९११ साली पहिल्यांदा केले. अनेक सुधारणांनंतर तीच पद्धत आज जगभर चालते. ‘१५डब्ल्यू-४०’ या नावातला ‘डब्ल्यू’ म्हणजे इंग्रजीतला ‘विंटर’, हिवाळा. त्याआधीचा आकडा थंडीतल्या वर्तनाचा आणि नंतरचा आकडा गरम इंजिनातल्या दाटपणाचा. हे दोन्ही आकडे तापमानाचे अंश नव्हेत, हे लक्षात ठेवले पाहिजे. ‘४०’ म्हणजे चाळीस अंशांपर्यंत चालणारे तेल, आणि विदर्भात पारा ४५ वर जातो म्हणून ‘५०’ घ्यावे, असा समज सर्रास आढळतो. तो चुकीचा आहे.

प्रत्यक्षात ‘४०’ या वर्गातल्या तेलाचा दाटपणा १०० अंश सेल्सियसला १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक या मर्यादेत असावा लागतो. ‘५०’ या वर्गासाठी ही मर्यादा १६.३ ते २१.९ अशी आहे. ‘१५डब्ल्यू’ या वर्गाची थंडीतली चाचणी उणे २० अंशांना होते आणि ‘२०डब्ल्यू’ची उणे १५ अंशांना. महाराष्ट्रात कुठेही अशी थंडी पडत नाही. निफाडमध्ये किंवा महाबळेश्वरला पारा कितीही घसरला, तरी १५डब्ल्यू तेलाला अडचण येत नाही. तेव्हा ‘शून्य’ किंवा ‘पाच’ने सुरू होणारे महागडे तेल केवळ थंडीच्या भीतीपोटी इथल्या जुन्या पिकअपमध्ये ओतण्याचे कारण नाही. तीच गाडी लडाखला न्यायची असेल, तर गोष्ट वेगळी.

उन्हाळ्याचेही तसेच. बाहेर ३० अंश असोत की ४५, कूलिंग यंत्रणा ठीक असेल तर चालत्या इंजिनातल्या तेलाचे तापमान साधारण ९० ते ११० अंशांच्या घरात राहते. त्यावर मे महिन्याच्या उन्हापेक्षा जास्त परिणाम होतो तो भरलेल्या मालाचा आणि चढणीचा. क्षमतेच्या दीडपट माल भरून कसारा किंवा खंबाटकी घाट चढणाऱ्या गाडीचे तेल जानेवारीतही तापते.

दाट तेलाने नेमके काय होते?

तेल गरम झाले, की वेगाने पातळ होते. १५डब्ल्यू-४० प्रकारचे तेल ४० अंशांना ज्या दाटपणाचे असते, त्याच्या सातव्या-आठव्या हिश्श्याइतकेच दाट ते १०० अंशांना उरते. सकाळी इंजिन सुरू होते, तेव्हा तेल याहूनही दाट असते. त्या क्षणी त्याला चेंबरमधून पंपात, पंपातून फिल्टरमध्ये आणि तिथून वर रॉकरपर्यंत जायचे असते. मुळातच अधिक दाट तेल हा प्रवास हळू करते. पंपावर ताण येतो, दाब मर्यादेबाहेर गेला की सुटका-झडप उघडते आणि तेलाचा काही भाग पुढे न जाता चेंबरमध्ये परततो. फिल्टरमधून दाट तेल सहज जाऊ शकले नाही, तर फिल्टरची पर्यायी झडप उघडते आणि तेल न गाळताच पुढे जाते. ज्या गाडीला टर्बो आहे, तिथे हा उशीर अधिक महाग पडतो. मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेऊ शकणारी टर्बोची शाफ्टही याच तेलावर तरंगत असते.

ऑइल प्रेशरच्या काट्यावरून अनेकांची फसगत होते. दाट तेल टाकले, की काटा वर सरकतो आणि मालकाला समाधान वाटते. पण काटा दाब दाखवतो, प्रवाह नव्हे. बागेला पाणी घालताना रबरी नळीचे तोंड बोटाने दाबले, तर नळीतला दाब वाढतो. मात्र बाहेर पडणारे पाणी वाढत नाही. बेअरिंग थंड ठेवते ते वाहणारे तेल. शिवाय दाट तेल ढवळण्यात इंजिनाची काही ताकद वाया जाते आणि तितके डिझेल जास्त लागते.

मग दाट तेल टाकल्यावर जुन्या इंजिनाचा आवाज कमी होतो, धूरही काहीसा घटतो, हा अनुभव खोटा का? खोटा नाही. सैल झालेल्या भागांवर तेलाचा जाड थर बसल्याने खडखड दबते, आणि झिजलेल्या रिंगांमधून तेल वर चढण्याचे प्रमाण थोडे कमी होते. पण यात झीज भरून निघत नाही. ती फक्त ऐकू येईनाशी होते. दुखणे तसेच राहते आणि ते सांगणारी लक्षणे तेवढी नाहीशी होतात.

दाट तेल केव्हा योग्य?

याचा अर्थ दाट तेल कधीच वापरू नये, असा नव्हे. अनेक जुन्या गाड्यांच्या पुस्तिकेत १५डब्ल्यू-४० बरोबर २०डब्ल्यू-५० चाही पर्याय दिलेला असतो. इंजिन बरेच चालले आहे, पूर्ण गरम झाल्यावर मंद गतीला तेलाचा दाब कमी पडतो, दर काही दिवसांनी तेल भरावे लागते आणि पुस्तिका परवानगी देते, अशा वेळी एक पायरी वर जाणे समंजसपणाचे ठरते. इंजिन बांधण्याइतके पैसे हाती येईपर्यंत गाडी चालती ठेवण्याचा तो एक रास्त मार्ग आहे. मात्र त्याआधी दाब खरोखर कमी आहे का, हे पाहायला हवे. डॅशबोर्डवरचा काटा किंवा दिव्याचा सेन्सर बिघडलेला असू शकतो. मिस्त्रीकडचे यांत्रिक प्रेशर गेज लावून काही मिनिटांत खरे काय ते कळते.

धुराचा रंगही बरेच सांगतो. निळसर धूर म्हणजे तेल जळते आहे. गाडी रात्रभर उभी राहिल्यानंतर सकाळी सुरू करताना एकदाच निळा धूर येऊन थांबत असेल, तर संशय वॉल्व्हच्या सीलवर जातो, आणि हे काम इंजिन पूर्ण न खोलता होऊ शकते. चढावर जोर देताना सतत निळा धूर येत असेल, तर रिंगा आणि लायनर तपासावे लागतात. काळा धूर हा तेलाचा नसून इंधनाचा किंवा हवेचा प्रश्न असतो : नॉझल, पंपाची जुळणी किंवा तुंबलेला एअर फिल्टर. गरम इंजिनातूनही पांढरा धूर येत राहिला आणि रेडिएटरचे पाणी कमी होऊ लागले, तर हेड गॅस्केटकडे पाहावे. यातले कोणतेही दुखणे तेल बदलून बरे होत नाही.

दर्जाची अक्षरे

दाटपणाइतकीच, किंबहुना त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे तेलाचा दर्जा. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट म्हणजे एपीआय या संस्थेची अक्षरे आपल्याकडच्या डब्यांवरही छापलेली असतात. ‘एस’ने सुरू होणारी अक्षरे पेट्रोल इंजिनांसाठी, ‘सी’ने सुरू होणारी डिझेल इंजिनांसाठी. डिझेलच्या दर्जांमध्ये सीएफ-४ हा १९९० सालचा, सीएच-४ हा १९९८ चा, सीआय-४ हा २००२ चा, सीजे-४ हा २००६ चा आणि सीके-४ हा २०१६ अखेरचा. दुसरे अक्षर वर्णमालेत जितके पुढचे, तितका दर्जा नवा आणि चाचण्या कडक.

जुन्या पिकअपच्या पुस्तिकेत सीएफ-४ किंवा सीएच-४ लिहिलेले असेल, म्हणून आजही तेच शोधत बसण्याची गरज नाही. चार-स्ट्रोक डिझेल इंजिनांसाठीच्या या मालिकेत नवा दर्जा साधारणपणे मागच्या दर्जाची जागा घेऊ शकतो. सीआय-४ तेल सहज मिळते, काजळी अधिक चांगली सांभाळते आणि जुन्या इंजिनाला ते मानवते. ‘जुन्या गाडीला जुनेच तेल’ हा हट्ट धरून हलक्या दर्जाचे स्वस्त तेल टाकणे म्हणजे काटकसर नव्हे.

एक अपवाद मात्र ध्यानात ठेवावा. सीके-४ बरोबरच आलेला ‘एफए-४’ हा दर्जा विशिष्ट नव्या इंजिनांसाठी बनवलेल्या पातळ तेलांचा आहे. जुन्या इंजिनात त्याचे काम नाही. त्याचप्रमाणे केवळ पेट्रोल मोटारींसाठी असलेले ०डब्ल्यू-२० सारखे तेल, ते कितीही महाग असले तरी, जुन्या डिझेल पिकअपच्या उपयोगाचे नाही. महाग तेल आणि योग्य तेल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

ज्यांच्याकडे एक जुनी आणि एक नवी अशा दोन गाड्या आहेत, त्यांना उलट्या चुकीपासूनही सावध राहावे लागेल. १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या भारत स्टेज-६ मानकांच्या अनेक डिझेल गाड्यांना काजळी गाळणारा विशेष फिल्टर असतो. त्या गाड्यांना कमी राख देणारे, उत्पादकाने सांगितलेलेच तेल लागते. जुन्या गाडीसाठी आणलेले सीआय-४ तेल त्यात ओतले, तर तेलातली राख त्या फिल्टरमध्ये साचत जाते, आणि तो फिल्टर स्वस्त नसतो. एकाच ड्रममधून दोन्ही गाड्यांना तेल देण्याची सोय अशी अंगलट येऊ शकते.

गंधक कमी झाले, मग काय बदलले?

जुन्या चालकांचे तेलाविषयीचे अनेक आडाखे ज्या काळात तयार झाले, तेव्हाचे डिझेल आजच्यासारखे नव्हते. डिझेलमधले गंधक जळून त्याचे आम्ल बनते आणि ते बेअरिंग व लायनर खाते. म्हणून तेलात ते आम्ल मारणारा अल्कधर्मी साठा ठेवलेला असतो. भारत स्टेज-३ च्या डिझेलमध्ये गंधकाची मर्यादा दशलक्ष भागांत ३५० भाग होती. स्टेज-४ मध्ये ती ५० वर आली आणि स्टेज-६ मध्ये १० वर. आज पंपावर मिळणारे डिझेल हे शेवटच्या प्रकारचे आहे आणि वीस वर्षांची पिकअपही तेच पिते.

याचा फायदा जुन्या इंजिनाला आपोआप मिळतो. आम्लाची भीती पूर्वीइतकी राहिलेली नाही. म्हणूनच सीके-४ सारखे, तुलनेने कमी अल्कधर्मी साठ्याचे नवे तेलही आज जुन्या गाडीत चालू शकते. पण आम्ल कमी झाले म्हणजे काजळी कमी झाली, असे नाही. जुन्या पद्धतीच्या पंपावर चालणारे इंजिन काजळी करतेच. त्यामुळे इंधन शुद्ध झाले म्हणून तेल दुप्पट चालवावे, असा अर्थ यातून कोणी काढू नये.

खनिज की सिंथेटिक?

सिंथेटिक तेल जुन्या गाडीत टाकले की गळती सुरू होते, ही आणखी एक प्रचलित समजूत. सुरुवातीच्या काळातल्या काही सिंथेटिक तेलांमुळे रबरी सील आकसत असत, त्यातून ती रुजली. आजच्या तेलांच्या घडणीत या दोषावर उपाय केलेला असतो. तरीही अनुभवात काही तथ्य उरते. वर्षानुवर्षे साचलेला गाळ कधी कधी जीर्ण झालेल्या सीलची फट बुजवून बसलेला असतो. चांगले तेल तो गाळ हळूहळू विरघळवते आणि दडलेली गळती उघडी पडते. अशा वेळी उपाय सील बदलण्याचा आहे, तेलाला दोष देण्याचा नाही.

व्यवहाराच्या दृष्टीने पाहता, साध्या रचनेच्या, टर्बो नसलेल्या आणि नियमित काळजी घेतलेल्या जुन्या पिकअपला चांगल्या दर्जाचे खनिज तेल वेळेवर बदलत राहिले, तरी पुरते. टर्बो असेल, गाडी सतत घाटात भरून चालत असेल, तर अर्धसिंथेटिक तेलाचा जादा खर्च सार्थकी लागू शकतो. मात्र तेल गळणाऱ्या किंवा जाळणाऱ्या इंजिनात महागडे पूर्ण सिंथेटिक तेल ओतणे म्हणजे पैसे धुरात घालवणे होय.

गॅरेजमधल्या काही सवयी

‘तेल दोन दिवसांत काळे झाले, म्हणजे भेसळीचे असणार,’ ही तक्रार दुकानदाराला नेहमी ऐकावी लागते. डिझेल इंजिनात तेल काळे होणे स्वाभाविक आहे. काजळी भिंतींवर न साचता तेलात तरंगते आहे, तेल आपले काम करते आहे, असाच त्याचा अर्थ. काळजी करायची ती तेल दुधाळ दिसू लागले तर, कारण त्यात पाणी शिरलेले असू शकते. किंवा डिपस्टिकवरची पातळी न भरताच वाढू लागली तर, कारण त्यात डिझेल किंवा पाणी उतरत असते. पातळी खुणेच्या वर जाणे ही चांगली गोष्ट नव्हे. डिझेल इंजिन प्रसंगी स्वतःचेच तेल ओढून ते जाळत बेफाम धावू शकते, आणि मग चावी फिरवूनही ते थांबत नाही.

तेल बदलताना चेंबरमध्ये रॉकेल किंवा डिझेल ओतून इंजिन ‘धुण्याची’ पद्धत अनेक गॅरेजांत आहे. ती टाळलेली बरी. अशा पातळ द्रवावर इंजिन फिरवले, तर बेअरिंगला वंगणच मिळत नाही. आणि एकदम सुटलेला गाळ चेंबरमधल्या तेल ओढणाऱ्या नळीच्या जाळीत अडकला, तर तेलाचा पुरवठाच तुटतो. इंजिनात गाळ फार असेल, तर चांगले तेल घालून पहिल्या दोन खेपा निम्म्या अंतरावर तेल आणि फिल्टर बदलावा. काम सावकाश होते, पण निर्धोक होते.

‘इंजिन गरम होते’ म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकणे ही दुसरी सवय. त्यामुळे इंजिन आवश्यक तापमानाला पोहोचायला फार वेळ घेते. न जळलेले डिझेल आणि बाष्प तेलात मिसळते, तेल पातळ होते, गाळ वाढतो. त्यानंतर कोणतेही तेल टाकले, तरी ते लवकर खराब होणार. रेडिएटर साफ करणे आणि थर्मोस्टॅट नवा बसवणे, हा तेलाचे आयुष्य वाढवण्याचाच उपाय आहे.

आणि धूळ. फाटका एअर फिल्टर किंवा सैल झालेला होज यातून आत गेलेली बारीक माती पॉलिश पेपरसारखी लायनर घासते. दगडखाणीच्या किंवा बांधकामाच्या ठिकाणी फिरणाऱ्या गाडीत तेलाच्या निवडीइतकेच लक्ष एअर फिल्टरकडे द्यायला हवे.

बदल किती किलोमीटरनंतर?

पुस्तिकेतले अंतर हा आधार, पण तो सरसकट लावता येत नाही. समजा, एक पिकअप महामार्गावर सरासरी ताशी ४५ किलोमीटरने चालते आणि दुसरी मुंबईच्या कोंडीत ताशी १५ ने. दोघींचे ९,००० किलोमीटर झाले, तेव्हा पहिलीचे इंजिन २०० तास चाललेले असते आणि दुसरीचे ६०० तास. तेलाला किलोमीटर कळत नाहीत. त्याचा संबंध तास, तापमान आणि भार यांच्याशी. म्हणूनच उत्पादक खडतर वापरासाठी कमी अंतर सांगतात. सतत थांबत-चालत माल पोहोचवणे, जास्त भार, धूळ आणि छोट्या फेऱ्या हे सारे खडतर वापरातच मोडते. शहरातली बहुतेक मालवाहू पिकअप याच गटातली. गाडी फारशी चाललीच नाही, तरी वर्षातून एकदा तेल बदलावे. तेलाबरोबर फिल्टर बदलणे ओघाने आलेच. जुन्या फिल्टरमध्ये उरलेले घाण तेल नव्यात मिसळू देण्यात काहीच बचत नाही.

चार-पाच गाड्या बाळगणाऱ्यांना प्रयोगशाळेत वापरलेल्या तेलाचा नमुना तपासून घेण्याचा मार्गही खुला आहे. त्यात लोखंड वाढलेले दिसले, तर लायनर किंवा रिंगांची झीज. तांबे वाढले, तर बेअरिंग. सिलिकॉन वाढले, तर बहुधा धूळ. इंजिन न खोलता त्याच्या पोटातले कळण्याचा हा उपाय आहे.

खरेदी आणि विल्हेवाट

योग्य तेल ठरले, तरी डब्यात तेच आहे का, हा प्रश्न उरतो. नामांकित कंपन्यांच्या जुन्या डब्यांत भलतेच तेल भरून विकण्याचे प्रकार पोलिसांच्या छाप्यांतून वारंवार उघड झाले आहेत. झाकणाचे सील, बॅच क्रमांक, उत्पादनाची तारीख आणि कंपनीने दिलेला होलोग्राम किंवा क्यूआर कोड तपासावा, डबा स्वतःसमोर फोडून घ्यावा आणि बिल मागावे. अधिकृत विक्रेत्याकडे चार पैसे जास्त पडले, तरी ते वाचतात. तेल ओतून झाल्यावर रिकाम्या डब्याला भोक पाडावे किंवा तो कापून टाकावा. बनावट तेलाचा धंदा अशाच धड डब्यांवर चालतो.

काढलेले तेल गटारात किंवा जमिनीवर ओतणे गुन्हाच नव्हे, तर अपायकारकही आहे. वापरलेल्या तेलात जड धातू असतात. ते घातक कचऱ्यात मोडते आणि नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया केंद्राकडेच जायला हवे. सप्टेंबर २०२३ मध्ये अधिसूचित झालेल्या आणि १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या नियमांनी वापरलेल्या तेलाच्या पुनर्प्रक्रियेची जबाबदारी तेल उत्पादक आणि आयातदार यांच्यावरही टाकली आहे. आपले तेल पुढे कुठे जाते, हे गॅरेजला विचारण्याचा हक्क ग्राहकाला आहे.

जुनी गाडी म्हणजे नव्या नियमाने चालणारी वेगळी गाडी नव्हे. तिचे इंजिन ज्या मापाने घडवले गेले, त्या मापाला साजेसे तेल, चांगल्या दर्जाचे आणि वेळेवर बदललेले, एवढीच तिची मागणी असते. त्यापुढे जाऊन दाट तेलाकडे वळण्याची वेळ आलीच, तर आधी दुखणे ओळखावे आणि मगच निर्णय घ्यावा.

चौकट : तेल घेण्यापूर्वी

• पुस्तिकेत दिलेला दाटपणा आणि दर्जा पाहावा. पुस्तिका हरवली असेल, तर इंजिन क्रमांक सांगून कंपनीच्या सेवा केंद्रातून माहिती घ्यावी.

• बहुतेक जुन्या डिझेल पिकअपसाठी १५डब्ल्यू-४०, सीआय-४ दर्जाचे तेल योग्य ठरते. २०डब्ल्यू-५० पुस्तिकेने परवानगी दिली असेल आणि दाब खरोखर कमी असेल तरच.

• तेलाची पातळी सपाट जागी, इंजिन बंद केल्यावर काही मिनिटांनी पाहावी. ती डिपस्टिकच्या दोन खुणांच्या मध्ये असावी. वरच्या खुणेच्या पुढे भरू नये.

• टर्बो असलेली गाडी घाट चढून आल्यावर लगेच बंद करू नये. मिनिटभर मंद गतीवर चालू ठेवावी.

• बदलाची तारीख, किलोमीटर, तेलाचा प्रकार आणि मध्ये भरलेले लिटर एका वहीत लिहून ती गाडीतच ठेवावी. दोन बदलांच्या मध्ये भरावे लागणारे तेल वाढत गेले, तर इंजिनाची तब्येत बिघडल्याची ती पहिली खूण समजावी.